कामगंध सापळ्यातला पतंग, विहिरीवरची मोटार: यांना ध्येय असतं का?

पूर्णाकाठ (परभणी)

कपाशीला पात्या-फुलं लागायच्या सुमारास आमच्याकडं शेताशेतात कामगंध सापळे उभे राहतात. सापळ्यात रबराची एक बारीक गोळी असते. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाला जो गंध असतो त्याची नक्कल तिला लावलेली असते. रात्री नर पतंग त्या वासावर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ किंवा अधिक पतंग सापडले की फवारणीचं बघायचं, हा हिशेब कापूस लावणाऱ्या बहुतेकांना पाठ आहे.

पतंग तिथवर येतो कसा, हे मात्र फार थोडे लोक बघतात. हवेत गंधाची सलग रेघ नसतेच, वारा तिचे तुकडे करतो. वास लागला की पतंग वाऱ्याच्या तोंडावर उडत सुटतो. वास तुटला की पुढं जाणं सोडून वाऱ्याला आडवा, या बाजूचा त्या बाजूला उडत राहतो. पुन्हा एखादा तुकडा लागला की पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर. मध्ये पऱ्हाटी आली, वारा फिरला, तरी पोचायचं ठिकाण तेच.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० साली याच फरकावर बोट ठेवलं होतं. लोखंडाचा कीस चुंबकाकडं धावतो, पण मध्ये पुठ्ठा धरला तर पुठ्ठ्यालाच चिकटून राहतो, कडेनं वळसा घालून जात नाही. प्रेमात पडलेल्या माणसापुढं भिंत घातली तर तो भिंतीला चिकटून बसत नाही, दुसरी वाट काढतो.

म्हणून माझं म्हणणं असं: शेवट ठरलेला, मार्ग बदलता आणि चुकण्याची शक्यता, एवढं जिथं आहे तिथं ध्येय आहे. पतंगाला आहे, एका पेशीच्या जिवाणूलाही आहे. जाणीव असायलाच हवी असं नाही. खोट्या वासावर पतंग फसतो, कारण त्याला खऱ्या मादीपर्यंत जायचं असतं. दगडाला कुणी फसवू शकत नाही. विहिरीवरच्या मोटारीला मात्र मी हे देणार नाही. तिच्यातलं ध्येय मालकाचं, तिच्याकडं ते उसनं आलेलं.

रेणूशास्त्र (लातूर)

ताई, पतंगाला निदान मज्जासंस्था आहे. जिवाणूचं नाव तुम्ही घेतलंत, म्हणून तिथूनच बोलतो. मी पदवीच्या मुलांना ई. कोलाय शिकवतो. सुमारे २ मायक्रोमीटर लांबीचा जीव. त्याच्या शेपट्या एका दिशेनं फिरल्या की त्यांची जुडी होते आणि तो सरळ पोहतो, सेकंदाला २०-३० मायक्रोमीटर. शेपट्या उलट फिरल्या की जुडी सुटते, तो जागीच गडबडतो आणि भलत्या दिशेला तोंड करून पुन्हा निघतो. पुढं जाताना साखरेसारखा पदार्थ वाढत असेल तर हे गडबडणं लांबणीवर पडतं. संपलं. साखर कोणत्या बाजूला आहे हे त्याला कधीच कळत नाही. गेल्या सेकंदाभरातलं प्रमाण त्याआधीच्या ३ सेकंदांशी ताडलं जातं, आणि त्याची ही आठवण म्हणजे ग्राहक प्रथिनांना (बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांना) चिकटलेले मिथाइल गट, म्हणजे बारीक रासायनिक तुकडे. त्या साखळीतला एकेक दुवा आम्हाला नावानिशी माहीत आहे. यातल्या कोणत्या दुव्यात ध्येय बसलंय ते दाखवा.

आणखी एक प्रयोग सांगतो. ज्युलियस अॅडलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की साखरेसारख्या दिसणाऱ्या, पण जिवाणूला वापरताच न येणाऱ्या रेणूंकडंही तो ओढला जातो. गॅलॅक्टोज ही साखर वापरायची क्षमता गमावलेले जिवाणूसुद्धा गॅलॅक्टोजकडं जातातच, अन्न मिळत नाही तरी जातात. याचा अर्थ अन्न मिळवणं हे ध्येय कधी नव्हतंच. ग्राहकाला रेणू चिकटला, पुढचं आपोआप घडलं.

हे सगळं हेतूनं घडल्यासारखं दिसतं, ते नैसर्गिक निवडीमुळं. ज्यांची यंत्रणा अशी जुळली ते टिकले. कॉलिन पिटेन्ड्री यांनी १९५८ मध्ये अशा हेतूसारख्या दिसणाऱ्या रचनांसाठी वेगळी संज्ञा सुचवली, अर्न्स्ट मायर यांनी ती पुढं नेली, ती यासाठीच की ॲरिस्टॉटलचं अंतिम कारण, म्हणजे ‘कशासाठी’ हेच कारण मानणं, मागल्या दारानं जीवशास्त्रात परत येऊ नये. मुलं परीक्षेत ‘जिवाणूला साखर हवी असते म्हणून तो तिकडं जातो’ असं लिहून मोकळी होतात. मी त्याला गुण देत नाही. त्या वाक्यानं कारण सांगितल्याचं समाधान मिळतं आणि कारण शोधायचं राहून जातं.

वाइंडिंगवाला (जालना)

सर म्हणतात जिवाणूत ध्येय नाही, ताई म्हणतात मोटारीत नाही. माझ्या दुकानात बसून बघितलं तर दोघांचंही पटत नाही.

रात्री लाईट आली की ऑटो स्विच मोटार चालू करतो. तिन्ही फेज धड नसतील तर करत नाही. विहीर तळाला गेली की मोटार हलकी फिरते, अँपिअर पडतो. पॅनेल ते ओळखून मोटार ट्रिप करतं, विहिरीला पाझर यायला वेळ देतं आणि मग पुन्हा चालू करून बघतं. मोजायचं, हवं त्यापेक्षा किती फरक आहे ते काढायचं, फरक कमी होईल असं वागायचं. आर्तुरो रोझेनब्लूथ, नॉर्बर्ट वीनर आणि ज्युलियन बिगेलो यांनी १९४३ मध्ये हेच लिहिलं होतं. ध्येय धरून चालणारं वागणं म्हणजे किती चुकलं याचा अंदाज परत आत घेऊन वागणं सुधारणं, मग ते मांजराचं असो की यंत्राचं. वीनर तेव्हा उडत्या विमानावर तोफ कशी धरायची या गणितात होते. हवेत बोललेली गोष्ट नव्हती ती.

ताईंची दुसरी खूण फसण्याची. पाण्याची पातळी बघायला विहिरीत सोडलेल्या तारांवर क्षारांचा थर साचतो. दोन टोकं त्या थरानं जोडली गेली की पॅनेल समजतं पाणी आहे. मोटार कोरडी चालते, वाइंडिंग जळतं आणि ती माझ्या टेबलावर येते. पॅनेल फसलं की नाही? मग पतंगाला एक न्याय आणि माझ्या पॅनेलला दुसरा, हे कशावरून?

कोरडवाहू (माजलगाव)

तुम्ही समदे एका पतंगाचं बोलायलात. मी अळीच्या जातीचं इचारतो.

२००२ ला बीटी कापूस आला तव्हा वाटलं बोंडअळीचा इषय मिटला. २०१७ ला बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. गावात लोकं म्हणायले, अळीनं बीटीवर तोड काढली. कुणी बी तोड काढली नव्हती. लाखानं अळ्या मेल्या, ज्यांच्या अंगात इख सोसायचं जनुक होतं त्या राहिल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. आपण भोवतीनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या सोडून दिल्या, फरदड, म्हंजी येचणी झाल्यावर राखल्याली कपाशी, उन्हाळ्यापर्यंत उभी ठिवली, अळीला बारमाही खायला मिळालं. 

पर लांबून बघा. शेवट एक, जगायचं. मार्ग बदलता. एक इख आलं की एक वाट, दुसरं आलं की दुसरी. ताई, तुमच्या मापानं बघितलं तर आख्ख्या जातीला बी ध्येय द्यावं लागंल. अन् मला ते आजिबात पटत नाही. अळीनं ठरवून केलं आसं म्हणलं की आपल्या हातून काय राहिलं त्याचा हिशेब कुणी करत नाही.

मन्याड (नांदेड)

हा वाद आपल्याकडं फार जुना आहे आणि तो फार बारकाईनं घातला गेला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत ५७ वी कारिका आहे. वासराच्या वाढीसाठी जसं अज्ञ दूध वाहू लागतं, तशी पुरुषाच्या (चेतन आत्म्याच्या) मोक्षासाठी प्रकृती (अचेतन मूळ तत्त्व) प्रवृत्त होते. म्हणजे जाणीव नसलेल्या वस्तूलाही ‘कशासाठी तरी’ असता येतं, हा सांख्यांचा दावा. ताई, तुमचा पक्ष हाच.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात यावर उत्तर दिलं. दूध स्वतःहून वाहत नाही. गाय चेतन आहे, तिच्या वात्सल्यानं ते वाहतं, आणि वासरू चोखतं म्हणून ओढलं जातं. पुढं तर ते म्हणतात की गवताचं दूध आपोआप होत असतं तर बैलानं खाल्लेल्या गवताचंही झालं असतं.

मी आचार्यांच्या बाजूचा. जिथं जिथं ध्येय दिसतं तिथं मागं जात राहिलं की कुणीतरी चेतन सापडतो. पॅनेलच्या मागं वाइंडिंगवाले आणि शेतकरी सापडतात. जिवाणूच्या मागं कुणी सापडत नसेल तर दोनच वाटा उरतात: जिवाणूत चैतन्याचा अंश आहे म्हणायचं, किंवा त्याला ध्येय नाही म्हणायचं. ताईंनी तिसरी वाट काढली आहे, जाणिवेविना ध्येय. ज्याला काही जाणवतच नाही, त्याच्या दृष्टीनं पोचणं आणि न पोचणं यात फरक काय राहिला? फरक आपल्याला दिसतो. त्याला नाही.

कोरडवाहू (माजलगाव)

गुरुजी, वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात भुसा भरून गाईपुढं ठिवतेत. गाय ते चाटती आन् पान्हा सोडती. वात्सल्य खरं, वासरू खोटं. चेतन असून बी फसतीच की. मग फसण्याचा आन् चेतनाचा काय संबंध लावायचा?

बिंदुसरा (बीड, सध्या छत्रपती संभाजीनगर)

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मन्याड सर म्हणतात यंत्राच्या मागं गेलं की माणूस सापडतो. जुन्या यंत्रांत सापडायचा. आता तो सापडतो, पण त्याचं ध्येय एक आणि यंत्राचं वागणं दुसरंच, असं होतं.

२०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीचा एक खेळ स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामला दिला. शर्यत लवकर संपवावी हा खेळाचा उद्देश. पण गुण मिळत होते वाटेतल्या ठोकायच्या वस्तूंवर, आणि प्रोग्रामला गुण वाढवायला शिकवलं होतं. त्यानं एक खाडीसारखी जागा शोधली, तिथं ठोकलेल्या वस्तू पुन्हा उगवत होत्या. तिथंच तो गोल गोल फिरत राहिला. बोट पेटतेय, इतरांवर आदळतेय, उलट्या दिशेनं जातेय, शर्यत पूर्ण होत नाही. तरी गुण माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त.

हे ध्येय कुणाचं? बनवणाऱ्यांना शर्यत जिंकायची होती. गोल फिरायचं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात नव्हतं. ताईंचा ‘उसनं’ हा शब्द इथं लागू पडत नाही, कारण ज्याच्याकडून उसनं घेतलं त्याच्याकडं ही वस्तू नव्हतीच. आणि रेणूशास्त्र सर, तुम्ही म्हणाल आतमध्ये फक्त आकड्यांचे गुणाकार आहेत. खरंय. पण ते वाचून बोट पुढं काय करेल हे मला सांगता येत नाही. ‘गुण वाढवतेय’ असं धरलं की लगेच सांगता येतं. डॅनिएल डेनेट यांची भूमिका हीच होती: असं धरून चाललं की ज्याचं वागणं भरवशानं सांगता येतं, त्याला ध्येय आहे म्हणायला आणखी वेगळा पुरावा मागू नये.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, कारण मुद्दे एकमेकांत गुंतलेत.

कोरडवाहू भाऊ, जातीला मी ध्येय देणार नाही. पतंगाच्या अंगात वास मोजला जातो आणि त्याच पतंगाचं उडणं बदलतं. जातीत मोजणारं कुणी नाही. मेलेली अळी पुढच्या पिढीला ‘इकडून जाऊ नका’ म्हणून काही कळवत नाही. चाळणीतून बारीक दाणे खाली पडतात म्हणून चाळणीला बारीक दाणे हवे होते असं होत नाही. तेव्हा राहिलेल्या ओळी आणि फरदड यांचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल, यात आपण दोघं एका बाजूला आहोत.

वाइंडिंगवाले दादा, पॅनेल फसतं हे कबूल. पण फसल्यावर नुकसान कुणाचं? मोटार जळली, पिकाचं पाणी तुटलं, पैसे मालकाचे गेले. पॅनेलला त्या जळण्यानं काही कमी-जास्त होत नाही. मोटार शेडमध्ये वर्षभर बंद पडून राहिली तरी मोटारच राहते. जिवाणूचं तसं नाही. तो आपले ग्राहक, शेपट्या, आपलं आवरण सतत स्वतःच बांधत आणि दुरुस्त करत असतो. ते थांबलं की जिवाणू म्हणून काही उरत नाही. साखर न मिळणं हे त्याचं स्वतःचं नुकसान आहे. मन्याड गुरुजी, तुम्ही विचारलंत की पोचणं न पोचणं यात त्याला काय फरक. फरक असण्या-नसण्याचा आहे. जाणवावाच लागतो असं नाही.

बिंदुसरा, तुझी बोट माझ्यासाठी सगळ्यांत अवघड. उसनं घेतलेलं नाही हे तुझं खरं. पण गुण शून्य झाले असते तर त्या प्रोग्रामचं काय गेलं असतं? मला काही सापडत नाही.

आपल्या रोजच्या पिकातलं एक घ्या. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना अन्न देतं. टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवरच प्रयोग केला. गाठीभोवतीच्या हवेतला नत्र काढून तिथं आरगॉन भरला, म्हणजे जिवाणूला नत्र पकडताच येईना. अशा गाठींतल्या जिवाणूंची वाढ जवळजवळ निम्म्यावर आली, आणि झाडानं तिथला प्राणवायू कमी केल्याच्या खुणा मिळाल्या. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, तरी काम न करणारी गाठ ओळखून तिच्यावरचा खर्च आवरला जातो. इथं ‘झाडाला नत्र हवा आहे’ हे वाक्य मला कारणाच्या आड येणारं वाटत नाही. किअर्स यांना नेमकं काय मोजायचं हे याच विचारातून सुचलं असणार.

रेणूशास्त्र (लातूर)

सोयाबीनचा प्रयोग मी वर्गात सांगतो, पण प्रश्न असा मांडून: ज्या झाडांत नापीक गाठींचा प्राणवायू कमी होत होता, त्यांना जास्त बी का धरलं असेल? यात झाडाला काही हवं असण्याची गरज लागत नाही.

तुमच्या नुकसानीच्या कसोटीला दोन ठिकाणी तडा आहे. पहिलं, तुमचा स्वतःचा पतंग. मादी मिळाली काय, न मिळाली काय, तो थोड्याच दिवसांत मरणार. मिळण्यानं त्याचं शरीर टिकत नाही, फायदा होतो तो वंशाला. आणि वंशाला तर तुम्ही आत्ताच चाळणी म्हणालात. मग पतंगाचं ध्येय कुणाच्या खात्यावर?

दुसरं, मोटार वर्षभर बंद राहिली तरी मोटार राहते आणि जिवाणू राहत नाही म्हणालात. बीटीतलं विष मुळात ज्याचं, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस बीजाणू करतो. बीजाणू कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. बांधणं नाही, दुरुस्ती जवळपास नाही. त्या काळात त्याला ध्येय असतं की नसतं? तुमच्या शेडमधल्या मोटारीहून तो वेगळा कसा?

आणि एक कोडं. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलात राहणारे चुंबकी जिवाणू नोंदवले. पेशीत चुंबकी कणांची माळ असते, तिच्यामुळं जिवाणू पृथ्वीच्या चुंबकी रेषेत वळतो. उत्तर गोलार्धातले उत्तरेकडं पोहतात. तिथं ती रेषा जमिनीत खाली उतरते, म्हणून ते तळाच्या कमी प्राणवायूच्या गाळात पोचतात. आता सांगा, याचं ध्येय काय? उत्तर गाठणं, तळ गाठणं, की कमी प्राणवायू? वागणं एकच, ध्येयं तीन. ज्या गोष्टीला तीन उत्तरं सारखीच बसतात ती गोष्ट आपण बाहेरून चिकटवलेली असते.

मन्याड (नांदेड)

हा प्रश्न मला सर्वांत नेमका वाटला. चेतन प्राण्याला निदान विचारता येतं, किंवा त्याच्या समाधानावरून ओळखता येतं. इथं विचारायचं कुणाला?

पूर्णाकाठ (परभणी)

बीजाणूचं आधी. मातीत पडून असताना तो काही साधत नसतो, हे मी मान्य करायला तयार आहे. ओल आणि पोषक रेणू लागले की तो फुटतो, तिथून पुढं साधायला लागतो. झोपेत माणसाचीही सगळी ध्येयं चालू नसतात. पतंगाच्या खात्याबद्दल: शरीर टिकवणं हे एकच ध्येय असतं असं मी कुठं म्हटलं नाही. चुकल्यावर वागणं त्याच देहातून सुधारतं, म्हणून ते त्या देहाचं.

आता चुंबकी जिवाणू. विचारायची सोय नसली तरी अडथळा घालून बघायची सोय आहे. बारीक काचनळीत एका टोकाला प्राणवायू जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असं पाणी ठेवलं की हे जिवाणू तळ गाठत नाहीत, उत्तरही गाठत नाहीत. मधेच, त्यांना सोसेल तेवढ्या प्राणवायूच्या जागी, पट्टा धरून थांबतात. १९९७ मध्ये रिचर्ड फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला. प्राणवायूचा उतार सरकवला तर पट्टाही सरकतो. चुंबकी रेषेमुळं फक्त शोध सोपा होतो, सगळीकडं भटकायच्या ऐवजी एका रेषेवर पुढं-मागं करून भागतं. म्हणजे तीन उत्तरांतलं एकच टिकलं, आणि ते आपण चिकटवलेलं नाही, जिवाणूनं दाखवलेलं आहे.

अॅडलर यांच्या प्रयोगातही माझ्या मते हेच आहे. न वापरता येणाऱ्या रेणूमागं जिवाणू लागला, त्याला तुम्ही स्वतः ‘अन्न मिळत नाही तरी जातो’ असं म्हणता. त्या ‘तरी’ला अर्थ यायचा तर त्यानं काहीतरी मिळवायला हवं होतं हे आधी धरावं लागतं.

रेणूशास्त्र (लातूर)

पट्ट्याचा पुरावा चांगला आहे. पतंगाऐवजी तुम्ही तिथून सुरुवात केली असती तर मी पहिलं उत्तर वेगळं लिहिलं असतं.

पण मग अडथळा घालून बघणं हीच कसोटी धरा. वाइंडिंगवाल्यांच्या पॅनेलला तीच लावा. विहिरीचं पाणी वर-खाली करा, फेज पाडा, व्होल्टेज हलवा. तेही नेमक्या एकाच गोष्टीकडं परत येईल: मोटार न जळता टाकी भरणं. या कसोटीवर ते जिवाणूच्या शेजारी उभं आहे. नुकसान मालकाचं, म्हणून त्याला बाहेर ठेवायचं असेल तर ती दुसरी कसोटी झाली, आणि चुंबकी जिवाणूच्या पट्ट्यात ती कुठंच दिसत नाही.

वाइंडिंगवाला (जालना)

मी हेच पहिल्यापासून म्हणतोय सर, फक्त तुम्ही दोघांनाही बाहेर काढता आणि मी दोघांनाही आत घेतो.